पडताळणी कुठे थांबते? सुरक्षा-चिप आणि प्रामाण्याचा प्रश्न

विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाण्याआधी संगणकात टीपीएम, म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल, आहे का आणि ते चालू आहे का, हे तपासावे लागते. मायक्रोसॉफ्टने ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ बाजारात आणली तेव्हा ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि सिक्युअर बूट करू शकणारे यूईएफआय फर्मवेअर या अटींच्या जोडीला टीपीएम २.० चीही अट घातली. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तोवर या अटीकडे कानाडोळा करणाऱ्यांनाही तिची दखल घेणे भाग पडले. संगणकावर विश्वास ठेवता येईल की नाही हे ठरवणे हा या तपासणीचा हेतू आहे. पण तपासणारे साधन हा त्याच संगणकाचा एक भाग आहे. ज्याच्या आधाराने विश्वास ठरवायचा त्या आधारावर तरी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. भारतीय दर्शनांनी प्रामाण्यवाद या नावाखाली हाच प्रश्न हजार वर्षांहून अधिक काळ घुसळला आणि मीमांसक, नैयायिक, बौद्ध व जैन यांनी त्यावर वेगवेगळ्या भूमिका घेतल्या. टीपीएमची तपासणी त्या भूमिका पारखून पाहायला सोयीची आहे, कारण साखळीतली प्रत्येक कडी कोणी बनवली, ती काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे इथे नेमके दाखवता येते.

चिप काय सांगते

कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या संघातून टीपीएमची कल्पना पुढे आली. २००३ मध्ये त्या संघाची जागा ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुपने घेतली. टीपीएम २.० चा आराखडा २०१४ मध्ये जाहीर झाला आणि २०१५ मध्ये ते आयएसओचे मानक बनले. आधीच्या १.२ आवृत्तीत एसएचए-१ हा एकच हॅश बांधून दिलेला होता, २.० मध्ये एसएचए-२५६ सारखे अधिक भक्कम हॅश वापरण्याची मोकळीक आली. टीपीएम कधी मदरबोर्डवर डकवलेली वेगळी चिप असते, तर कधी प्रोसेसरच्याच आत फर्मवेअरच्या रूपात असते. इंटेल या दुसऱ्या प्रकाराला पीटीटी म्हणते, एएमडी एफटीपीएम म्हणते.

चिपमध्ये नोंदींचे किमान २४ रकाने असतात. त्यांना पीसीआर म्हणतात. संगणक चालू होताना त्यांतले बहुतेक शून्यावर येतात. मग फर्मवेअरचा अगदी पहिला भाग पुढच्या भागाचा हॅश काढतो, तो चिपकडे पाठवतो आणि त्यानंतरच त्या भागाच्या हाती कारभार देतो. तो भाग त्याच्या पुढच्याचे माप घेतो. अशा रीतीने फर्मवेअर, बूटलोडर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांची मापे एकामागून एक चिपकडे जातात. आलेले माप चिप जसेच्या तसे लिहून ठेवत नाही. रकान्यातली जुनी किंमत आणि नवे माप एकापुढे एक मांडून ती दोहोंचा मिळून नवा हॅश काढते आणि तो रकान्यात ठेवते. त्यामुळे हवी ती किंमत रकान्यात थेट घालता येत नाही, झालेली नोंद पुसता येत नाही आणि मापांचा क्रम जरी बदलला तरी शेवटची किंमत वेगळी येते.

या नोंदींचा रोजच्या व्यवहारातला उपयोग बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कूटबद्धीकरणाच्या सोयीत दिसतो. डिस्कची किल्ली अशा रीतीने बंद करून ठेवलेली असते की ठरलेल्या रकान्यांतल्या किमती जुळल्या तरच चिप ती बाहेर देते. त्या रकान्यांत ज्याचे माप जाते असे काही बदलले, की संगणक सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागतो.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. सिक्युअर बूट प्रत्येक भागावरची सही तपासतो आणि ती पटली नाही तर त्या भागाला चालूच होऊ देत नाही. टीपीएम कोणालाही अडवत नाही. जे चालू झाले त्याची नोंद ठेवते. आज जे चालू झाले ते किल्ली बंद करतानाच्या स्थितीशी जुळते, एवढेच तिला सांगता येते. ती स्थिती चांगली होती की वाईट, हे तिला ठाऊक नसते. किल्ली बंद करण्याच्या वेळीच संगणकात घातक प्रोग्राम शिरलेला असेल, तर चिप त्याच्यासह असलेली स्थितीही तितक्याच इमानाने सांभाळते. म्हणजे चिपची साक्ष अभेदाची आहे, निर्दोषत्वाची नाही.

तपासणीचा क्रम

तपासणी सोपी आहे. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘टीपीएम.एमएससी’ ही आज्ञा रोमन अक्षरांत दिली की एक खिडकी उघडते. चिप वापरायला तयार असल्याचे तिथे लिहिलेले असेल, तर खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन या ओळीत २.० आहे की १.२ हे पाहायचे. शेजारी उत्पादकाचे आद्याक्षरी नाव असते. आयएनटीसी म्हणजे इंटेल, आयएफएक्स म्हणजे इन्फिनिऑन, एसटीएम म्हणजे एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स. चिप कोणाची आहे ते यावरून कळते. सिस्टिम इन्फर्मेशन या खिडकीत बायोस मोडपुढे यूईएफआय आहे की लेगसी, आणि सिक्युअर बूट चालू आहे की बंद, हे दिसते. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा प्रोग्राम हे सगळे एकत्र तपासून पात्र की अपात्र असा निकाल देतो.

चिप सापडत नाही असे उत्तर आले म्हणजे ती नाहीच, असे समजायचे कारण नाही. विंडोज १० सह विकल्या जाणाऱ्या नव्या संगणकांत टीपीएम २.० असलेच पाहिजे, असा नियम मायक्रोसॉफ्टने जुलै २०१६ पासून केला होता. त्यानंतरच्या कित्येक संगणकांत, विशेषतः सुटे भाग जोडून तयार केलेल्यांत, ती असते पण फर्मवेअरमध्ये बंद ठेवलेली असते. संगणक चालू होताना एफ२ किंवा डिलीट यांसारखे, त्या त्या उत्पादकाने नेमून दिलेले बटण दाबून फर्मवेअरची सेटिंग्ज उघडायची आणि पीटीटी किंवा एफटीपीएम चालू करायचे. लेगसीवरून यूईएफआयवर जायचे असेल आणि डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने आधी ती बदलून घ्यावी लागते. फर्मवेअरला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची रिकव्हरी की उतरवून ठेवणे, बिटलॉकर तात्पुरते थांबवणे आणि महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घेणे, ही तीन कामे चुकवू नयेत.

क्लिअर टीपीएम हे बटण वेगळा विचार मागते. ते दाबले की चिपमध्ये वापरादरम्यान तयार झालेल्या किल्ल्या जातात. स्वतःच्या चालत्या संगणकावर, रिकव्हरी की हाताशी नसताना ते दाबणे म्हणजे स्वतःच्याच डिस्कला कुलूप लावून किल्ली फेकून देणे. सेकंडहँड घेतलेल्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना मात्र तेच बटण दाबणे योग्य ठरते, कारण तिथे आधीच्या मालकाच्या काळातले काहीही चिपमध्ये राहू नये अशीच इच्छा असते. बटण एकच, विश्वासाची परिस्थिती दोन्हीकडे निराळी.

अनवस्था

चिप तयार आहे, हे वाक्य पडद्यावर उमटते तेव्हा ते कोण सांगत असते? खिडकी ऑपरेटिंग सिस्टिमची असते. तिने ड्रायव्हरला विचारलेले असते आणि ड्रायव्हरने चिपला. ऑपरेटिंग सिस्टिममध्येच कोणी घुसखोरी केली असेल, तर ती हवे ते वाक्य दाखवू शकते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या सचोटीचा पुरावा तिच्याच तोंडून घेण्यात अर्थ नसतो. यावर तांत्रिक उपाय आहे. दूरचा सर्व्हर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, चिप ती संख्या आणि रकान्यांतल्या किमती एकत्र करून त्यांवर आपल्या किल्लीने सही करते आणि सर्व्हर ती सही तपासतो. मधल्या ऑपरेटिंग सिस्टिमला ही सही बनवता येत नाही. पण ती किल्ली खऱ्या चिपचीच आहे, हे उत्पादकाने दिलेल्या प्रमाणपत्रावरून मानायचे; ते प्रमाणपत्र खरे, हे उत्पादकाच्या मूळ किल्लीवरून; आणि ती मूळ किल्ली सुरक्षित आहे, हे उत्पादकाच्या शब्दावरून.

दुसऱ्या टोकालाही हेच आढळते. बूटच्या साखळीत प्रत्येक भागाचे माप आधीचा भाग घेतो, पण सर्वांत पहिल्या भागाचे माप कोणीच घेत नाही. इंटेलच्या बूट गार्ड या व्यवस्थेत तो पहिला भागही प्रोसेसर स्वतः तपासतो; त्यासाठी लागणारी खूण कारखान्यात चिपसेटमध्ये कायमची कोरून टाकलेली असते. असे केल्याने साखळीचे टोक एक पायरी खाली सरकते, नाहीसे होत नाही. टोकाची कडी तपासलेली नसते, ती गृहीत धरलेली असते.

तर्कशास्त्रात या दोषाला अनवस्था म्हणतात: एकाला दुसऱ्याचा आधार, दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि शेवट कुठेच नाही. प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, बाबतीत हा आक्षेप सर्वांत धारदारपणे मांडला तो बौद्ध आचार्य नागार्जुनाने, विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात. प्रमाणांची सिद्धी इतर प्रमाणांनी होते म्हणावे तर अनवस्था येते. प्रमाणांना प्रमाण लागतच नाही म्हणावे तर प्रत्येक गोष्ट प्रमाणाने सिद्ध व्हावी हा नियम मोडतो.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या आक्षेपाला उत्तर देताना तराजूचा दाखला येतो. तराजूने सोने तोलतात तेव्हा तराजू हे साधन असते. पण तराजूचीच शंका आली तर वजन माहीत असलेले सोने पारड्यात घालून तराजू तपासता येतो. तेव्हा तो साधन न राहता तपासायचा विषय बनतो. साधन आणि विषय या कायमच्या जाती नाहीत, प्रसंगानुसार येणाऱ्या भूमिका आहेत. या उत्तराचे मर्म असे की सगळी प्रमाणे एकाच वेळी सिद्ध करून मगच वापरायला घ्यावीत ही मागणी अशक्य आहे. मात्र कोणत्याही एका प्रमाणावर शंका आली तर ते बाकीच्यांच्या मदतीने तपासता आले पाहिजे, ही मागणी रास्त आहे आणि पुरीही करता येते. बूट होत असताना टीपीएम हा तराजू असतो. प्रयोगशाळेत त्याच चिपच्या किल्ल्या फोडून पाहणाऱ्या संशोधकासमोर ती तोलायची वस्तू असते.

स्वतः की परतः

तरीही प्रश्न उरतो: शंका येण्यापूर्वी विश्वास ठेवायचा की शंका फिटल्यानंतर? प्रामाण्यवादाचा मुख्य वाद इथेच आहे. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने श्लोकवार्तिकात मीमांसकांची बाजू मांडली. ज्ञान उत्पन्न होते ते प्रामाण्य घेऊनच होते. ते बाहेरून आणावे लागत नाही. बाहेरून कळते ते अप्रामाण्य, आणि त्याचे मार्ग दोन. एक बाधकज्ञान: शिंपल्याच्या जागी आधी रुपे दिसले आणि जवळ गेल्यावर शिंपला निघाला, तर दुसरे ज्ञान पहिल्याला खोडते. दुसरा मार्ग कारणदोषाचे ज्ञान: पाहणाऱ्याला कावीळ आहे हे कळले की त्याला पिवळा दिसलेला शंख पिवळा मानायचे कारण उरत नाही. दोन्हींपैकी काहीच घडले नाही, तर ज्ञान खरे मानून चालावे.

नैयायिकांना हे मान्य नाही. प्रामाण्य आणि अप्रामाण्य दोन्ही परतः, म्हणजे बाहेरूनच कळतात असे ते म्हणतात. दूर पाणी दिसले. ते मृगजळही असू शकते. माणूस तिकडे जातो, पाणी पितो, तहान भागते, आणि मग आधीचे ज्ञान खरे होते असे अनुमान करतो. प्रवृत्ती सफल झाली हे प्रामाण्याचे लक्षण. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच प्रमाण आणि सफल प्रवृत्ती यांचा संबंध सांगून होते, आणि चौदाव्या शतकात गंगेश उपाध्यायाने तत्त्वचिंतामणीत या वादाला एक स्वतंत्र प्रकरण दिले.

जैन तार्किकांनी मधली वाट काढली. माणिक्यनंदीच्या परीक्षामुख या ग्रंथात प्रामाण्य स्वतःही कळते आणि परतःही, असे सूत्र आहे. टीकाकारांनी त्याचा खुलासा केला तो असा: परिचयाच्या परिस्थितीत, म्हणजे अभ्यासदशेत, ज्ञान खरे आहे हे आपोआप पटते, अपरिचित परिस्थितीत, म्हणजे अनभ्यासदशेत, बाहेरचा आधार शोधावा लागतो. संगणकाच्या व्यवहाराचे वर्णन म्हणून हा विभाग सर्वांत नेमका आहे. रोज तोच लॅपटॉप उघडणारा माणूस मीमांसकाच्या रीतीने वागतो. काही बिघडल्याचे दिसेपर्यंत तो काहीच तपासत नाही. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना, अनोळखी यंत्र हाती आल्यावर किंवा फर्मवेअर बदलल्यावर परिचयाचा आधार तुटतो. अपग्रेडपूर्वीची तपासणी त्या क्षणी येते, ती उगाच नाही.

फळावरून पारख

सफल प्रवृत्तीची कसोटी सुरक्षेच्या बाबतीत मात्र अडखळते. मृगजळाने तहान भागत नाही, म्हणून ते उघडे पडते. घुसखोरी झालेला संगणक टाइप करू देतो, छापून देतो, बँकेचे व्यवहारही पुरे करतो. किंबहुना घुसखोराला त्याने बिनबोभाट चालावे असेच हवे असते. दोष लपवण्यासाठीच फळ शाबूत ठेवलेले असते.

२०१७ मध्ये याचा मोठा दाखला मिळाला. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की इन्फिनिऑनच्या चिपमधला आरएसए किल्ल्या बनवणारा कोड सदोष आहे. तो ज्या मूळ संख्या निवडत होता त्यांना एक विशिष्ट ठेवण होती, आणि तिच्यामुळे सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढणे अपेक्षेपेक्षा खूपच सोपे झाले होते. आरओसीए या नावाने हा दोष ओळखला जातो. अनेक लॅपटॉपमधली टीपीएम त्यात सापडली आणि एस्टोनिया या देशाला सुमारे ७,५०,००० ओळखपत्रांची प्रमाणपत्रे थांबवून ती अद्ययावत करावी लागली. या किल्ल्या वर्षानुवर्षे सह्या करत होत्या, कुलपे लावत होत्या, आणि त्यांचे एकही काम बिघडले नव्हते. सदोष कोड वापरणाऱ्या चिपना मान्यताप्राप्त सुरक्षा-प्रमाणपत्रेही मिळालेली होती.

कुमारिलाच्या परिभाषेत सांगायचे तर इथे बाधकज्ञान झालेच नाही. कारणदोषाचे ज्ञान झाले. किल्लीच्या वापरात काही चुकले म्हणून नव्हे, तर किल्ली घडवणाऱ्या प्रक्रियेत खोट सापडली म्हणून विश्वास मागे घ्यावा लागला. टीपीएमची तपासणीही याच जातीची आहे. संगणक नीट चालतो की नाही हे ती पाहत नाही. तो ज्या आधारावर सुरू होतो तो आधार कोणता, कोणत्या आवृत्तीचा आणि कोणाचा, हे पाहते. म्हणूनच ‘माझा संगणक तर उत्तम चालतो’ हे उत्तर या प्रश्नाला लागू पडत नाही.

नैयायिकाला यावर बोलायला जागा आहे. पाणी पिऊन पाहणे ही जशी प्रवृत्ती, तशी किल्ली फोडून पाहणे हीही प्रवृत्तीच. संशोधकाने हल्ला करून पाहिला आणि तो यशस्वी झाला, म्हणजे किल्ली भक्कम आहे हे ज्ञान विसंवादी ठरले. हे म्हणणे वाजवी आहे, पण त्यातून कसोटी बदलते. सुरक्षेच्या क्षेत्रात सामान्य वापरकर्त्याची सफल प्रवृत्ती काही सिद्ध करत नाही. प्रतिपक्षाने जीव तोडून केलेली प्रवृत्ती विफल झाली, तर ती थोडेफार सिद्ध करते, आणि तेही आजच्यापुरतेच.

आप्त कोण

साखळीच्या दोन्ही टोकांना शेवटी उत्पादकाचा शब्द उरतो. न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र प्रमाण आहे, पण ते आप्ताचे असेल तर. वात्स्यायनाने आप्ताची दोन लक्षणे दिली: त्याने वस्तू प्रत्यक्ष जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू, असेही त्याने नोंदवले. आप्तत्व कुळावर किंवा पदावर अवलंबून नाही.

चिपला इच्छा नसते. फसवण्याचा हेतू नाही, तसा खरे सांगण्याचाही नाही. म्हणून आप्तत्वाची चौकशी चिपपाशी न थांबता ती घडवणाऱ्यांपर्यंत जाते, आणि तिथे दोन्ही लक्षणे वेगवेगळी तपासावी लागतात. सांगण्याची इच्छा प्रामाणिक असूनही जाणण्यात कसर राहू शकते. जुलै २०२४ मध्ये उघड झालेले पीकेफेल हे प्रकरण तसेच आहे. अनेक कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांमध्ये सिक्युअर बूटची सर्वोच्च किल्ली म्हणून फर्मवेअर पुरवणाऱ्या एएमआय या कंपनीची नमुन्यादाखल दिलेली चाचणी-किल्ली तशीच राहून गेली होती. तिच्या प्रमाणपत्रात ‘डू नॉट ट्रस्ट’, विश्वास ठेवू नका, असे स्पष्ट लिहिलेले होते. ज्या किल्लीवर बाकी सगळा विश्वास उभा होता, तिनेच स्वतःविषयी इशारा दिला होता. कोणाचा कट नव्हता. पुढच्या हाताने आधीच्या हाताचे तपासले नाही, इतकेच.

मीमांसकांनी वेदांना अपौरुषेय मानले त्यामागचा तर्क इथे आठवण्याजोगा आहे. वाक्यात दोष येतो तो बोलणाऱ्या पुरुषाकडून: त्याच्या अज्ञानातून, प्रमादातून किंवा वंचनेच्या इच्छेतून. कर्ताच नसेल तर दोषाला शिरायला वाट नाही. वेदांविषयीचा तो सिद्धांत कोणाला पटो वा न पटो, त्याची उलट बाजू निर्विवाद आहे: ज्याला कर्ता आहे, ते दोषाच्या शक्यतेपासून मुक्त नाही. चिप, फर्मवेअर आणि प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टी पौरुषेय आहेत. विश्वासाचे मूळ म्हणून त्यांची नेमणूक करता येते. निर्दोष म्हणून त्यांची सिद्धी करता येत नाही.

शंकेची मर्यादा

मग शंकेला अंत नाही, असे मानावे काय? युनिक्सच्या निर्मात्यांपैकी केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या वेळी दिलेल्या आणि १९८४ मध्ये छापलेल्या व्याख्यानात ही शंका टोकाला नेली. प्रोग्रामचा मूळ मजकूर स्वच्छ असला, कंपायलरचा मूळ मजकूरही स्वच्छ असला, तरी ज्या जुन्या कंपायलरने नवा कंपायलर तयार झाला त्यात चोरदरवाजा असेल तर तो पिढ्यानपिढ्या पुढे जातो आणि मजकूर वाचून कधीच सापडत नाही. जे स्वतः संपूर्ण घडवले नाही त्यावर पुरता विश्वास ठेवता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

दहाव्या शतकातील मिथिलेच्या उदयनाचार्याने न्यायकुसुमांजलीत शंकेला सीमा घातली आहे. त्याच्या मते शंका तिथपर्यंतच करता येते, जिथे ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वर्तनाशी विरोध पावत नाही. धूर आणि अग्नी यांच्या संबंधावर शंका घेणारा माणूस धूर हवा असेल तेव्हा अग्नीच पेटवतो. म्हणजे त्याची शंका तोंडापुरती आहे. सगळ्याच चिप फसव्या आहेत असे म्हणणारा माणूस मोबाइलवर क्यूआर कोड स्कॅन करून भाजीचे पैसे देतो, तेव्हा तोही याच विरोधात सापडतो. बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात यावर उलटा वार केला: विरोध आहे हे कळायलाही शंका आधी असावी लागते, तेव्हा विरोध हा शंकेचा शेवट कसा? त्याचा आक्षेप तर्क म्हणून उभा राहतो. पण वर्तनाची कसोटी त्याने मोडत नाही.

कुमारिलाचे उत्तर याहून व्यवहारी आहे. पहिल्या ज्ञानावर दुसऱ्याने आक्षेप घेतला, तर तिसरे पाहावे. तिसऱ्याने दुसऱ्याला खोडले तर पहिले पुन्हा उभे राहते. तीनचार पायऱ्यांपलीकडे जाण्याची गरज पडत नाही. दोष असण्याची नुसती कल्पना करता येते, एवढ्यावरून पुढची पायरी चढायची नसते. दोषाचे काही चिन्ह दिसायला हवे.

थॉम्प्सन यांच्या कोड्यावर पुढे निघालेला तोडगाही पूर्ण सिद्धीचा नाही. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तोच मजकूर दुसऱ्या, स्वतंत्रपणे बनलेल्या कंपायलरमधून काढतात आणि निष्पत्ती ताडून पाहतात. दोन्ही जुळल्या तर चोरदरवाजा असण्यासाठी दोन असंबद्ध कंपायलरमध्ये एकच खोड असावी लागेल. दार्शनिक भाषेत हा संवाद झाला, आणि त्याचे मोल दोन साधनांच्या स्वातंत्र्यावर अवलंबून आहे. एकाच उगमातून आलेल्या दोन साक्षी जुळल्या तर त्यातून काही सिद्ध होत नाही. म्हणूनच टीपीएमची तपासणी करताना विंडोजची दोन पाने उघडून पाहण्यापेक्षा एकदा विंडोजमध्ये आणि एकदा फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये पाहणे अधिक अर्थपूर्ण असते.

साक्ष कोणापुढे

आतापर्यंतची चर्चा मालकाला आपल्या संगणकाची खात्री कशी पटेल याविषयी झाली. पण चिप दूरच्या सर्व्हरलाही साक्ष देते, आणि तिथे प्रश्नाला नैतिक बाजू येते. चिपमधली मूळ किल्ली मालकालाही बाहेर काढता येत नाही. यामुळे चोराच्या हाती ती लागत नाही. पण मालकाच्या संगणकावर काय चालू आहे याची न नाकारता येणारी साक्ष तिसऱ्या पक्षाला देण्याची सोयही त्यातूनच होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी २००२ मध्ये याच मुद्द्यावर या तंत्राचा विरोध केला: संगणकाने मालकाऐवजी कंपनीचे ऐकावे अशी ही रचना आहे, असा त्यांचा आरोप होता. खासगीपणाच्या आक्षेपाला तांत्रिक उत्तर देण्याचा प्रयत्नही झाला. ही एक खरी चिप आहे एवढेच सिद्ध व्हावे, कोणती ते कळू नये, अशी अनामिक साक्षीची पद्धत टीपीएम १.२ मध्ये समाविष्ट केली गेली.

साक्ष स्वतः तटस्थ असते; ती मागण्याचा अधिकार कोणाला आणि नकार दिला तर काय होते, यावर तिचा नैतिक अर्थ ठरतो. कार्यालयाने आपल्याच लॅपटॉपकडे साक्ष मागणे आणि विक्रेत्याने ग्राहकाच्या यंत्राकडे ती मागणे यांत तंत्राचा भेद नाही, अधिकाराचा आहे. पात्रतेच्या निकालालाही हेच लागू होते. पीसी हेल्थ चेक अपात्र म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या अटी पुऱ्या होत नाहीत एवढाच असतो. तो संगणक अविश्वसनीय आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि पात्र ठरलेला संगणक विश्वसनीय आहे असाही नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पडताळणीची मर्यादा आणि तिचे मोल दोन्ही ठरतात. विश्वासाची साखळी कुठेतरी न तपासलेल्या कडीवर टेकते. ती कडी सिद्ध झालेली नसते, नेमलेली असते. म्हणून सुज्ञ पडताळणी संपूर्ण निश्चिती मागत नाही. ती चार गोष्टी स्पष्ट करते: विश्वास कोणत्या कडीवर टेकला आहे, ती कोणी बनवली, तिच्यात दोष सापडला तर तो कसा कळेल, आणि कळल्यावर ती बदलता येईल का. टीपीएम २.० आहे आणि चालू आहे, हे कळल्याने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. तिसऱ्यासाठी उत्पादकाच्या फर्मवेअर-सूचनांवर लक्ष ठेवावे लागते, आणि चौथ्यासाठी रिकव्हरी की व बॅकअप चिपच्या बाहेर, वेगळ्या जागी ठेवावे लागतात. यापुढची शंका तत्त्वचिंतनाला खुली आहे. अपग्रेड करण्यासाठी ती फिटण्याची वाट पाहावी लागत नाही. दोषाचे चिन्ह दिसले तर मात्र हीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, कारण एकदा दिलेले प्रामाण्य नव्या कारणदोषापुढे टिकेलच असे नाही.